कोण कोणाकडे चालत गेले?

माणसे समोरासमोर बसली की नव्या गोष्टी सुचतात, हे विधान अलीकडे इतक्या वेळा कानांवर येते की ते तपासून पाहावे असे फारसे कोणाला वाटत नाही. करोनाच्या टाळेबंदीनंतर मोठमोठ्या कंपन्यांनी घरून काम करणाऱ्यांना कचेरीत परत बोलावले, तेव्हा हेच कारण पुढे केले. चहाच्या टपरीवर, जिन्यात, जेवणाच्या सुट्टीत जे सहज बोलले जाते त्यातून नवनिर्मिती होते, असे त्यांचे म्हणणे. विद्वानांचाही त्याला दुजोरा आहे. २०२३ च्या अखेरीस ‘नेचर’ या नियतकालिकात लिन, फ्रे आणि वू यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे २ कोटी शोधनिबंध आणि ४० लाख पेटंटे तपासून त्यांनी दाखवले की, दूरदूरच्या शहरांत विखुरलेल्या गटांकडून मूलगामी शोध लागण्याची शक्यता एकाच ठिकाणी काम करणाऱ्या गटांपेक्षा कमी असते.

मी जव्हारला राहतो. विद्यापीठाशी माझा संबंध नाही. मिळेल ते पुस्तक वाचायचे आणि मग पाड्यांवर हिंडून ते पडताळून पाहायचे, एवढीच माझी अभ्यासाची पद्धत. त्या पद्धतीने हा सिद्धांत पडताळताना मला जे दिसले ते येथे मांडतो. सिद्धांत खोटा आहे असे माझे म्हणणे नाही. तो अर्धा आहे. भेट झाली की नाही एवढेच तो विचारतो. भेटीसाठी कोण कोणाकडे चालत गेले, तिथे किती दिवस राहिले आणि शेवटी नाव कोणाचे झाले, हे विचारत नाही. पालघर जिल्ह्याच्या या डोंगराळ टोकाला नेमके हेच प्रश्न महत्त्वाचे ठरतात.

सिद्धांताची भक्कम बाजू

आधी त्याची भक्कम बाजू पाहू. अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्येच लिहून ठेवले की, एखादा धंदा एका गावात दीर्घकाळ एकवटला की त्याची गुपिते गुपिते राहत नाहीत. ती जणू तिथल्या हवेत मिसळतात आणि पोरेसोरेही नकळत शिकतात. आपल्याकडे याची उदाहरणे हवी तेवढी आहेत. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढे ते सबंध गावच मागांचे झाले. मुंबईत जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. अक्षरांचे ठसे कापणारे राणोजी रावजी आरू त्यांच्या जोडीला होते. ठसे कापणारा आणि छापणारा शेजारी असले की कागदावर उमटलेली वेलांटी फुटली की जाड झाली हे पत्राने कळवावे लागत नाही. देवनागरी छपाईला जो देखणेपणा आला त्यात या शेजाराचा वाटा मोठा आहे.

यामागचे कारण हॅरी कॉलिन्स या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये फार नेमके दाखवले. एका नव्या प्रकारचा लेझर बनवण्याचा प्रयत्न काही प्रयोगशाळा करीत होत्या. त्याची माहिती छापून आलेली होती, आकृत्या होत्या. तरीही केवळ छापील मजकुरावरून एकाही प्रयोगशाळेला चालणारा लेझर बनवता आला नाही. ज्यांना जमले त्या प्रत्येकाचा, आधी असा लेझर चालवून पाहिलेल्या माणसाशी प्रत्यक्ष संबंध आलेला होता. हातातली काही विद्या कागदावर उतरतच नाही. करणाऱ्यालाही आपल्याला ती येते हे सांगता येत नाही; शेजारी उभे राहून ती उचलावी लागते.

हे मला परके वाटत नाही. मोखाडा-जव्हारकडच्या बोहाड्यात रात्रभर संबळ आणि पिपाणीच्या तालावर मुखवटे नाचतात. ठरावीक सोंगे ठरावीक घराण्यांकडे चालत आलेली असतात. मुखवटे लाकडाचे असतात, कागदाच्या लगद्याचेही असतात. मुखवटा बनवणारा आणि तो घालून नाचणारा एकाच परिसरातले असल्याने, डोळ्यांचे भोक खाली आले किंवा कपाळावर वजन पडले, ही तक्रार दुसऱ्या दिवशी उन्हे चढायच्या आत बनवणाऱ्यापर्यंत पोहोचते. पुढच्या वर्षीचा मुखवटा थोडा वेगळा होतो. ही सुधारणा कोणत्याही पेटंटात मोजली जात नाही, पण मार्शलने हवेत मिसळलेली विद्या म्हटले ती हीच.

जवळ राहणे म्हणजे भेटणे नव्हे

अडचण इथून पुढे सुरू होते. समोरासमोर येण्यानेच नवे जन्मत असेल, तर जमीनदार आणि वारली पिढ्यान् पिढ्या समोरासमोरच होते. सावकार, जंगलाचा ठेकेदार आणि आदिवासी रोज एकमेकांना पाहत होते. त्या भेटींतून काय निर्माण झाले? वेठबिगार आणि लग्नगडी. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी नवराबायकोने सावकाराच्या दारी राबत राहायचे, अशी ती पद्धत. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाकडे आपण चळवळीचा इतिहास म्हणून पाहतो. ते भेटीच्या स्वरूपाविषयीचेही पुस्तक आहे. ज्याच्यासमोर मान वर करता येत नाही त्याच्याशी संवाद होत नाही, फक्त हुकूम ऐकला जातो. मे १९४५ मध्ये झरीला वारल्यांची परिषद भरली, ती शामराव आणि गोदावरी परुळेकर गावोगाव पायी हिंडून, झोपड्यांत राहून, त्यांच्याबरोबर जेवून आल्यानंतर. वेठबिगार बंद करण्याचा निर्धार हा या मुलुखातला विसाव्या शतकातला सर्वांत मोठा नवा विचार होता. तो जवळ राहणाऱ्या सावकारामुळे आला नाही. दुरून येऊन खाली जमिनीवर बसलेल्या माणसांबरोबरच्या बोलण्यातून तो बाहेर पडला.

पश्चिमेकडच्या अभ्यासकांनाही याची चाहूल लागलेली आहे. ॲनाली सॅक्सेनियन यांनी १९९४ च्या आपल्या पुस्तकात कॅलिफोर्नियातील सिलिकॉन व्हॅली आणि बॉस्टनजवळचा रूट १२८ हा पट्टा यांची तुलना केली. दोन्हीकडे कंपन्या दाटीवाटीने होत्या, दोन्हीकडे थोर विद्यापीठे होती. पण बॉस्टनकडे प्रत्येक कंपनी आपल्या भिंतीआड राहिली, तर व्हॅलीत इंजिनिअर कंपन्या बदलत राहिले, स्पर्धकांशीही बोलत राहिले. व्हॅली पुढे गेली. अंतर सारखेच होते. भिंती वेगळ्या होत्या. २०१८ मध्ये बर्नस्टीन आणि टर्बन यांनी तर दाखवले की, कचेरीतल्या आडभिंती काढून सर्वांना एका मोकळ्या दालनात बसवले तेव्हा लोकांचे समोरासमोरचे बोलणे सुमारे ७० टक्क्यांनी घटले. सतत कोणाच्या तरी नजरेखाली असलेला माणूस तोंड मिटून घेतो. वारल्याला हे कोणी सांगायला नको होते.

तीन अंगणे

आता या जिल्ह्यातली तीन उदाहरणे घेतो. तिन्ही वेगवेगळ्या क्षेत्रांतली आहेत. तिन्हींत नवे काही घडले आणि तिन्हींत भेटीची दिशा सारखीच आहे.

पहिले शिक्षणाचे. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचे काम करून आल्या होत्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला होता. माँटेसरी पद्धत त्यांना अवगत होती. पण ती पद्धत शहरातली, तिची साधने महागडी. १९४५ मध्ये त्या बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले बालवाडीत येत नाहीत हा प्रश्न होता. त्यावर नेहमीचे उत्तर म्हणजे पालकांना समजावणे, हजेरीची सक्ती करणे. या दोघींनी उत्तर उलटे केले: मूल शाळेकडे येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात जाईल. त्यातून अंगणवाडी आली. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरली, तिला कुरणशाळा म्हणत. परदेशी साधनांची जागा खडे, बिया, शिंपले, पाने यांनी घेतली. शिकवण्याआधी मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे हेही शिक्षणातच धरले गेले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्राला जे नाव मिळाले ते हेच. आज देशाच्या कोणत्याही कोपऱ्यात तो शब्द कळतो.

या शोधाचे मर्म जागा बदलण्यात आहे. दादरच्या वर्गात बसून कितीही चर्चा केली असती तरी अंगणवाडी सुचली नसती, कारण दादरच्या वर्गात अंगण नव्हते आणि राखायला गुरेही नव्हती.

दुसरे चित्रकलेचे. वारली लग्नात भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिला जातो, त्यात पालघट देवी असते. तो लिहितात सवासिनी, आणि धवलेरी गाणी म्हणते. गाण्यावाचून चौक पुरा होत नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हे चित्रकार या भागात आले. त्याआधी, १९६६-६७ च्या बिहारमधील दुष्काळात, पुपुल जयकर यांच्या सांगण्यावरून ते मिथिलेतल्या बायकांकडे कागद घेऊन गेले होते; भिंतीवरची मधुबनी चित्रे कागदावर येण्यात त्यांचा हात होता. इकडेही ते कागद आणि रंग घेऊन वस्त्यांवर राहिले. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी लग्नाचा चौक सोडून शेत, मासेमारी, नाच, मुंग्यांची रांग असे रोजचे जग काढायला सुरुवात केली. भिंत सुटली, विधी सुटला, आणि एक स्वतंत्र चित्रभाषा उभी राहिली. मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले. आज वारली चित्रे जव्हारच्या दुकानांतही आहेत आणि विमानतळाच्या भिंतींवरही.

कुलकर्णी मुंबईहून पत्राने नमुने मागवू शकले असते. तसे झाले असते तर चौकाच्या नकला मिळाल्या असत्या. चौकाबाहेरचे चित्र निघायला कोणीतरी शेजारी बसून ‘तुला जे दिसते ते काढ’ असे म्हणावे लागते, आणि पुढचे कित्येक दिवस तिथेच थांबावे लागते.

तिसरे शेतीचे, आणि ते थेट आमच्या जव्हारचे. बाएफ या मणिभाई देसाईंनी स्थापन केलेल्या संस्थेने १९८२ मध्ये दक्षिण गुजरातेत वांसद्याकडे ‘वाडी’चा प्रयोग सुरू केला: सुमारे एकरभर वरकस जमीन, तिच्यात आंबा-काजूची कलमे, मधल्या जागेत पिके, कडेने जंगली झाडांचे कुंपण, उतारावर माती आणि पाणी अडवण्याची कामे. हा प्रयोग जव्हार भागात आला आणि रुजला. पुढे जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडे मोगऱ्याची शेती आली. पहाटे कळ्या खुडायच्या, उमलायच्या आत बांधायच्या आणि दादरच्या फुलबाजाराकडे धाडायच्या. भात, नागली, वरई यांच्या मुलुखात फूल हे पीक होईल असे पूर्वी कोणी म्हटले असते तर हसू झाले असते.

मोगऱ्याची माहितीपत्रके मिळतात. त्यांत छाटणी कधी करावी, पाण्याचा ताण किती दिवस द्यावा, सारे लिहिलेले असते. एका मोगरेवाल्या काकांना मी विचारले, “काका, हे वाचून जमते का?” ते म्हणाले, “वाचून कात्री कुठवर न्यायची ते कळतं. थांबवायची कुठे, ते दुसऱ्याच्या बागेत बघावं लागतं.” कॉलिन्सचा लेझर आणि काकांची कात्री यांत मला काही फरक दिसत नाही. वाडीचा प्रसारही असाच झाला. एका पाड्यावरची वाडी दुसऱ्या पाड्यावरच्यांनी जाऊन पाहिली. ज्याच्या घरी ते उतरले तो त्यांच्याच भाषेत, तोट्यासकट, बोलला. साहेबाच्या भाषणावर बसला नसता तो विश्वास सोयऱ्याच्या बांधावर बसला.

नाव कोणाचे?

तिन्ही उदाहरणांत ज्याच्याकडे साधने होती, प्रवासाचे पैसे होते, वेळ होता, तो चालत गेला. ज्याच्याकडे नव्हते तो आपल्या अंगणात होता. आणि जाणारा थांबला. एका दिवसाच्या पाहणीतून यांपैकी काहीही निघाले नसते. कंपन्यांच्या सिद्धांतात मात्र भेटीचा खर्च नेहमी कनिष्ठाने सोसायचा असतो. कर्मचाऱ्याने दोन तास लोकलमध्ये लटकून कचेरीत यायचे आणि तिथे नवनिर्मिती करायची. आपल्या जिल्ह्याचेही तेच झाले आहे. मोखाड्यातल्या कोचाळ्याच्या मध्य वैतरणा धरणातून २०१४ पासून मुंबईला पाणी जाते. माणसेही खालीच जातात. दिवाळी झाली की पाड्यांवरची कुटुंबे वसई, भिवंडी, कल्याणकडे वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर निघतात. मुंबईला या डोंगराची गाठ रोज पडते. पण ती नळातून आणि भट्टीवर. त्या गाठीतून शोध लागत नाहीत.

श्रेयाचा हिशेबही सरळ नाही. चौक लिहिणाऱ्या सवासिनींची नावे कोणत्याही सूचीत नाहीत. भिंतीवरून कागदावर येताना चित्र बायकांच्या हातून बहुतांशी पुरुषांच्या हाती गेले, हे वारली चित्रकलेच्या कौतुकात क्वचितच सांगितले जाते. मशे यांची प्रतिभा त्यामुळे उणी होत नाही. पण भेटीच्या वेळी जे समोर बसतात त्यांची नोंद होते आणि जे चुलीपाशी असतात त्यांची होत नाही, हे समोरासमोरच्या संवादाचे जुने दुखणे आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये स्वतःच्या भातखाचरात वेगळ्या लोंब्या हेरल्या, वर्षानुवर्षे निवडून एचएमटी हे वाण तयार केले. बियाणे हातोहात, गावोगाव पसरले. पुढे कृषी विद्यापीठाने ते शुद्ध करून पीकेव्ही एचएमटी म्हणून प्रसारित केले. वाण सगळीकडे पोहोचले. दादाजी मात्र हलाखीतच राहिले आणि २०१८ मध्ये वारले. हातोहात पसरलेल्या विद्येचा खतावणीत धनी नसतो. म्हणून पेटंटे मोजून नवनिर्मितीचा नकाशा काढणाऱ्यांना चंद्रपूरचे खाचर आणि मोखाड्याचा मुखवटा कोरेच दिसणार.

आज काय पणाला लागले आहे

हा वाद माझ्यासाठी पुस्तकी नाही. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीला कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा ही नावे देशभर गेली. त्यानंतर योजना पुष्कळ आल्या. त्या सगळ्या शेवटी एका बाईपाशी येऊन थांबतात: अंगणवाडी सेविका. मुलाचे वजन करायचे, दंडाचा घेर मोजायचा, आईशी बोलायचे. मूल का खात नाही, याचे उत्तर कधी अतिसारात असते, कधी आई सकाळीच मजुरीला जाते त्यात, कधी घरातल्या भांडणात. हे उत्तर उंबऱ्यावर बसल्याशिवाय मिळत नाही.

२०२१ पासून सेविकेच्या हातात पोषण ट्रॅकर हे ॲप आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. फोन निकृष्ट आहेत आणि ॲप इंग्रजीत आहे, ही त्यांची तक्रार होती. आमच्याकडे तिसरी अडचण रेंजची. टेकाडावर चढून माहिती भरणारी सेविका मी पाहिली आहे. तेवढा वेळ ती कोणाच्या तरी अंगणातून वजा झालेली असते. नोंदी नकोत असे कोणी म्हणणार नाही. स्थलांतरित मुलाची नोंद भट्टीवर उघडता आली तर तो फायदाच आहे. पण वरच्या कचेरीला पडद्यावर आकडा दिसू लागला की पाड्यावर जायची गरज वाटेनाशी होते. आढावा व्हिडिओ कॉन्फरन्सवर होतो. अधिकारी आणि सेविका समोरासमोर येतात, पण पडद्यावर, आणि त्यात एकच बाजू बोलते. ज्या शोधाचा प्राणच ‘शाळा मुलाकडे जाईल’ हा होता, त्याच्या नावाची यंत्रणा आता मुलाकडून वर पाहायला शिकते आहे.

कचेरीत परत यावे की घरून काम करावे, हा शहरांचा प्रश्न शहरांनी सोडवावा. भेटीने नवे घडते हे त्यांचे म्हणणे खरे मानले तर मात्र त्याचा हिशेब पुरता मांडायला हवा. प्रत्येक योजनेच्या अहवालात किती बैठका झाल्या याचा रकाना असतोच. त्याच्या शेजारी आणखी दोन रकाने असावेत: वरच्या कचेरीतला माणूस पाड्यावर किती रात्री राहिला, आणि तिथे ऐकलेल्या कोणत्या गोष्टीमुळे योजनेत बदल झाला. कोसबाडच्या हिशेबात हे दोन्ही रकाने भरलेले निघाले असते. आमच्या तालुक्यांचे अहवाल मी वर्षानुवर्षे चाळतो आहे. हे रकाने त्यांत कोरेसुद्धा नाहीत, ते आखलेलेच नाहीत.